शेवंताबाईंचा नकार

कोल्हापूरच्या ऋजुता खोतला स्वयंपाक शिकवणारं ॲप काढायचं होतं. तिच्या भिंतीवर ग्राहक, भागीदार अशा चौकटी आखलेला जादूचा नियोजन-फलक होता; तो त्यासाठी बोलते-चालते ग्राहक घडवायचा. त्यांच्यातल्या एकाचा तरी होकार मिळाल्याशिवाय गुंतवणूकदार दारात उभं करत नसत.

ग्राहकाच्या चौकटीत साठीच्या शेवंताबाई उमटल्या. कटाच्या आमटीचा धडा पाहून म्हणाल्या, "अगं, यात गूळ कुठाय? मी नाही घेणार."

आठवडाभर ऋजुता धडे सुधारत राहिली आणि बाई नाक मुरडत राहिल्या. शेवटी ती रडकुंडीला आली. "मग तुम्हीच शिकवा ना, मावशी!"

शेवंताबाईंनी पदर खोचला, चौकट ओलांडली आणि त्या भागीदारांच्या चौकटीत जाऊन ऐसपैस बसल्या.

"शिकवते की! पण ग्राहक म्हणून आता तू बस. तुला काहीच येत नाही."