बंब उठवताना

लोर्नाने शेडचं दार ढकललं आणि तिचा धीरच सुटला. आग विझवायचा जुना बंब लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला होता, चारही चाकं जमिनीपासून चार बोटं वर. बॅटरी जागेवर नव्हती. सायलेन्सरच्या तोंडात चिंध्या कोंबलेल्या.

पश्चिमेला गेल्या सालचं वाळकं गवत पेटलं होतं. एप्रिलचा वारा आग गावाकडे रेटत होता आणि गावाच्या त्याच टोकाला वृद्धाश्रम होता, एकोणीस माणसांचा. नवा बंब आणि अग्निशमन दलाचे बाकीचे सगळे स्वयंसेवक चाळीस किलोमीटरवर एका गोठ्याच्या आगीत अडकले होते. लोर्ना शाळेची बस घेऊन गेली होती म्हणून मागे राहिली, एकटी.

सस्कॅचवानमधल्या त्या गावात हा एकसष्ट सालचा बंब आता फक्त जुलैच्या मिरवणुकीत निघायचा. त्याला सांभाळायचा नेस्टर प्रोकोपियुक. तो फेब्रुवारीत झोपेतच गेला.

दर ऑक्टोबरात नेस्टर आठवडाभर या शेडमध्ये खपायचा आणि गाव हसायचं. गेल्या खेपेला लोर्नानेच टोमणा मारला होता, "काका, बंब ठेवताय की पुरताय?"

"उणे चाळीसमध्ये सहा महिने तुला उभी करतो," तो मान वर न करता म्हणाला होता, "मग बघू कशी चालतेस ते."

स्टिअरिंगला काहीतरी लटकत होतं. खोक्याचा पुठ्ठा, सुतळीने बांधलेला. त्यावर जाड पेन्सिलीने मोठा एकचा आकडा आणि खाली नेस्टरचं वाकडंतिकडं अक्षर: 'घाबरू नकोस. आकड्याप्रमाणे कर. बॅटरी आमच्या तळघरात आहे, स्टेफाला सांग.'

सांगायची गरज पडली नाही. आगीचा भोंगा ऐकून नेस्टरची बायको स्टेफाकाकू, पंचाहत्तरीची बाई, ढकलगाडीत बॅटरी घालून येतच होती.

"दर महिन्याला चार्ज केलीय," ती धापा टाकत म्हणाली. "त्याने तसं बजावलं होतं. तू उभी काय राहिलीस?"

दोघी भिडल्या. दोनचा पुठ्ठा बॉनेटवर होता: 'चिंध्या उंदरांसाठी आहेत. सायलेन्सरमध्ये एक, हवेच्या नळीत दोन. तिन्ही निघाल्याशिवाय किल्ली फिरवू नकोस.' तीनचा जॅकला बांधलेला. कुठलं चाक आधी उतरवायचं तेही त्यावर लिहिलेलं. लोर्ना जॅक मारत गेली, काकू ठोकळे ओढून काढत गेली.

लोर्ना पाण्याचा पाइप लावायला धावली. टाकीवर चारचा पुठ्ठा होता: 'थांब. आधी खालच्या तिन्ही तोट्या बंद कर. पंपात पाणी गोठून तो फुटू नये म्हणून उघड्या ठेवल्यात.' वाचलं नसतं तर भरलेलं सगळं पाणी तिच्याच पायाखालून वाहून गेलं असतं.

"पेट्रोलचं काय, काकू?"

काकूने पाचवा पुठ्ठा डोळ्यांजवळ धरला. "टाकी काठोकाठ भरलीय म्हणतो. रिकामी ठेवली की आतून गंजते."

शेवटचा पुठ्ठा सीटवर होता: 'इंजिनात तेलाचे थेंब सोडलेत. निळा धूर येईल. येऊ दे, बंद करू नकोस. दुसऱ्या गियरला तो कुरकुरतो, रागावू नकोस. जा.'

लोर्नाने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बंब खोकला, शेड निळ्या धुराने भरून गेलं आणि इंजिन एकसारखं चालू लागलं, जणू कालच बंद केलं होतं.

आग तिने वृद्धाश्रमाच्या कुंपणापाशी गाठली. कुंपण गेलं, मागची भिंत काळी झाली. टाकीचा तळ दिसायला लागला तेव्हा कुठे नवा बंब येऊन पोचला. एकोणीसही माणसं जेवणघराच्या खिडक्यांना नाकं लावून बघत होती.

संध्याकाळी दोघी बंबाच्या पायरीवर कॉफी घेऊन बसल्या. लोर्नाच्या मांडीवर सहाही पुठ्ठे होते. तिला ते टाकवत नव्हते.

"काकू, दरवर्षी काका एवढं सगळं लिहून ठेवायचे? मला कधी कळलंच नाही."

"कशाला लिहील? तोच ठेवायचा, तोच उठवायचा. तीस वर्षांत एक अक्षर लिहिलं नव्हतं त्याने." काकूने कप खाली ठेवला. "सप्टेंबरात डॉक्टरांनी त्याला सांगितलं, पुढचा उन्हाळा दिसायचा नाही. गावात कुणाला बोलू नकोस म्हणाला. त्या दिवशी घरी येऊन जेवलासुद्धा नाही गं. पुठ्ठे कापत बसला."