वर पेडल कोण दाबतं

“बाबा, ब्रेकच्या नळीतली हवा तुम्ही एकटेच कशी काढता?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. त्यांच्या मते मला बाबांच्या कामातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून मी ऐटीत विचारलं.

आमच्या जुन्या पिकअपचं ब्रेकचं पेडल काल पार तळाला गेलं होतं. गळका सिलिंडर बाबांनी बदलला, नवं ऑइल भरलं. आता नळीत शिरलेली हवा काढली की उद्या सकाळी ते आईला घेऊन घाट उतरणार होते.

“एकट्याने कसं होईल, शहाणे?” बाबा गाडीखालून म्हणाले. “वर कुणीतरी पेडल दाबून धरायचं, मग खाली मी नट सैल करतो. दरवेळी तुझी आईच दाबते की.”

आई चहा घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, “मी कधीच नाही. मला वाटायचं, तू दाबतेस.”

मी केबिनमध्ये डोकावले. सीट रिकामी होती.

“हं, दाब,” बाबा म्हणाले.

पेडल सावकाश खाली गेलं.

“धर.”

ते तिथेच राहिलं. खाली बाटलीत ऑइल ठिबकलं.

“सोड.”

पेडल वर आलं.

“झकास,” बाबा म्हणाले. “आज पाय जरा जड पडतोय गं तुझा.”

तेवढ्यात कुणी न सांगता पेडल पुन्हा खाली गेलं.

“बाबा, आधी बाहेर या,” मी म्हणाले. “आई, तूही ऐक. उद्या या गाडीत आपल्यातलं कुणी बसणार नाही.”