अर्धी तान
बाबांच्या भजनांच्या जुन्या सीड्या मी लॅपटॉपवर उतरवून घेत होते. प्रत्येक गाणं ‘ट्रॅक एक’, ‘ट्रॅक दोन’ असंच दिसत होतं, म्हणून बाबा शेजारी बसून नावं सांगत होते. सीडीच्या कव्हरवर गायक दोन होते, बाबा आणि काका. गायकाच्या रकान्यात मी दोघांचीही नावं टाकली. “त्याचं नाव कायले टाकून राहिली?” बाबा एकदम तडकले. “शेताच्या धुऱ्या-बांधावरून कोर्टात गेला, तवाच आमचं भाऊपण सरलं.” वाद नको म्हणून मी एकेका फाइलमधून काकांचं नाव पुसलं आणि बाबांनी सांगितलं तशी गाणी सानगडीच्या भजन मंडळाला पाठवली. चार दिवसांनी तिथले एक नवे भजनी मुद्दाम भेटायला आले. “काय दम होता जी तुमचा! एवढी लंबी तान, अन् मधात श्वासच नाही घेतला!” मी मान खाली घातली. त्या तानेत बाबांचा दम अर्ध्यावरच संपायचा. डावीकडे बसलेले काका तोच सूर अलगद उचलायचे, आणि दोघांचे आवाज इतके सारखे की सांधा कोणाला ऐकू यायचा नाही. बाबांनी मात्र हसून ती वाहवा घेतली. “एक डाव गाऊन दाखवा ना जी,” पाहुण्यांनी गळ घातली. नाही म्हणायला बाबांना तोंड नव्हतं. त्यांनी डोळे मिटून तान घेतली. अर्ध्यावर दम संपला, आणि जुन्या सवयीनं त्यांनी डावीकडे हात केला. तिथं मी बसले होते.