पाय तुटलेला सात

इंद्रजितनं जीपच्या चेसिसवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. इंजिनावरूनही तसाच छाप घेतला. दोन्ही कागदांवर एकच नंबर उमटला. महायुद्धातली अशी जीप तो नऊ वर्षं शोधत होता.

"मिस्त्री, कारखान्यातून निघाली तेव्हाचंच इंजिन आहे. तुम्ही अस्सल म्हणा, लगेच रान विकून हिला घरी आणतो."

दौलूमिस्त्री कमरेवर हात ठेवून कण्हतच वाकले. जुन्या गाड्यांखाली पन्नास वर्षं काढल्यावर आता त्यांना दुसऱ्याच्या आनंदाचाही शीण यायचा. चेसिसवरचा सात धड होता. इंजिनावरच्या साताचा मात्र पाय तुटका होता. त्यांनी डोळे मिटले. हा नंबर आपण कुणासाठी ठोकला होता, हे त्यांना आठवेना. असे किती ठोकले होते.

हत्यारांच्या पेटीच्या तळातून त्यांनी साताचा आकडा ठोकायचा एक गंजलेला पंच काढला.

"रान राहू द्या, मालक," ते म्हणाले आणि पंच इंजिनावरच्या सातावर टेकवला.

तुटक्या पायासकट तो खाचेत बसला. मिस्त्रींनी हात काढून घेतला, तरी उभाच राहिला.