मुक्या बोटीवरच्या गप्पा

“टोपीवाला म्हणतोय, चहा पार गार झालाय,” आत्या म्हणाली, आणि सहलीच्या ऑफिसात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे हसले.

आत्याला दहा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. त्यामुळे ती बोलायची ती लाउडस्पीकर लावल्यासारखी. पण ओठ असे वाचायची, की लग्नाच्या हॉलच्या त्या टोकाला कोण कोणाला नावं ठेवतंय ते तिला या टोकाला कळायचं. आज तिच्यासमोर भिंतीवरचा मोठा टीव्ही होता. आवाज बंद. एकच छोटी फिल्म, संपली की पुन्हा पहिल्यापासून. उत्तरेकडचा फ्योर्ड, म्हणजे उंच काळ्या कड्यांमधून आत घुसलेला समुद्र. शाईसारखं पाणी. कड्यावरून कोसळणारा धबधबा. आणि पांढऱ्या बोटीच्या कठड्याला रेलून हात हलवणारी आपल्याकडचीच पंधरा-वीस मराठी माणसं.

“आणि ती लाल कोटवाली नवऱ्याला सांगतेय, पोट आत घे, फोटो काढतायत.”

भाची हसून हसून लोटपोट झाली. घरात तिला तुडतुडी म्हणत. ही सफर तिनेच निवडली होती. आजवर तिला विचारून घरात साधा पडदासुद्धा लागला नव्हता. या वर्षी तिने परीक्षेत नंबर काढला आणि बाबा बोलून बसले, सुट्टीत कुठे जायचं ते तू ठरव. मग दोन महिने त्यांनी फाटे फोडले. थंडी फार. बोट लागते. एवढ्या लांब जाऊन बघायचं काय, तर दगड! तुडतुडी सगळ्याला पुरून उरली, कारण आत्या तिच्या बाजूने होती. आणि आत्यापुढे बाबांची डाळ कधीच शिजत नसे.

काउंटरवरच्या ताईने तिघांची नावं कॉम्प्युटरवर टाकली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. हिरवं बटण दाबलं की जागा पक्की, मग मागे फिरणं नाही, असं तिने बजावलं. बाबांनी सुस्कारा सोडला.

“दाब बाई तूच. तुझी निवड.”

तुडतुडीने हात पुढे केला. आत्याने तिचं मनगट धरलं.

आत्या टीव्हीकडे बघत होती. फिल्म दुसऱ्यांदा लागली होती. काय झालं, असं तुडतुडीने तिच्यासमोर तोंड नेऊन विचारलं.

“माणसं तीच आहेत. बोलणं बदललंय.” आत्या कुजबुजत होती. आत्याला कुजबुजता येतं हे तुडतुडीला पहिल्यांदाच कळलं. “चहाचं नाही, फोटोचं नाही. आपल्याबद्दल बोलतायत. चष्मेवाला नको म्हणतायत. म्हातारी नको. वेणीवाली ठेवून घेऊ.”

बाबांनी उगाच चष्मा सारखा केला. तुडतुडीचा दुसरा हात आपोआप वेणीकडे गेला. मग तिला रागच आला. इतके दिवस बाबांशी भांडायचं, आणि ऐन वेळी आत्यानेच टोपी फिरवायची?

“आत्या, हे आधी काढून ठेवलेलं असतं गं. रोज तेच दाखवतात. त्यांना आपण कसे दिसणार?”

आत्याने मनगट सोडलं नाही. तुडतुडीने ते हिसकावून घेतलं आणि बटण दाबलं. ताईने हसून अभिनंदन केलं.

लढाई जिंकल्यासारखी मान वर करून तुडतुडीने टीव्हीकडे पाहिलं. फिल्म पुन्हा पहिल्यापासून लागली होती. तोच कडा, तोच धबधबा. तीच टोपी, तोच लाल कोट. फक्त आता कठड्यापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाने आपल्या तोंडावर हात धरला होता.