पिल्लांची आई

भटक्या मांजरांना घरं शोधून देणाऱ्या स्वरूपाने महाळुंग्याच्या बंद शेडमधून दोन पिल्लं उचलली. त्यांच्या लंगड्या आईला कोण घेणार, म्हणून तिला तिथेच सोडलं. दुसऱ्या दिवशी ती मेलेली सापडली. स्वरूपाने तिला स्वतःच्या हाताने पुरलं. रुखरुख मात्र गेली नाही.

रविवारी सकाळी एक पिल्लू नेलेल्या कौशल्याबाईंचा निगडीहून फोन आला. "पिल्लू मजेत आहे. पण त्याच्या आईचं लंगडणं बघवत नाही हो."

"मावशी, मी एकटं पिल्लूच दिलं होतं."

"अहो, माझ्या मांडीवर बसलीय ती."

तेवढ्यात चाकणच्या वर्षालीने फोटो पाठवला. दुसरं पिल्लू त्याच मांजरीला पीत होतं.

स्वरूपाने फोन परत कानाला लावला. "तिला म्हणावं, चुकलं माझं."

"तुमचा आवाज ऐकला आणि उठली बघा," कौशल्याबाई म्हणाल्या. "लंगडत बाहेर पडली. आता कुठे निघालीय कोण जाणे."