पाय आपटायची गोष्ट

“चुकलं, चुकलं! चेटकीण नाही, सावत्र आई!” तीस मुलं एका सुरात ओरडली आणि वाचनालयाच्या फरशीवर साठ पाय दणादण आपटले.

गोष्टवाल्या बाईंचा चेहरा उतरला. नियम त्यांनीच केलेला. नायक आला की टाळ्या, दुष्ट आला की पाय आपटायचे. आणि डब्यातून जिची चिठ्ठी निघेल तीच गोष्ट सांगायची. आज नेमकी ही निघाली. मुलांना पुस्तक तोंडपाठ. एक शब्द बदलून पाहिला, तर लगेच चोरी पकडली गेली.

पहिल्या रांगेत त्यांच्या नवऱ्याची आठ वर्षांची मुलगी बसली होती. लग्नाला चार महिने झाले होते. “तिचं काय ते आता तूच बघ,” म्हणून नवरा दुसऱ्याच दिवशी कामाला लागला. बाईंनी वेण्या घातल्या, डबे भरले, तापात उशाशी बसल्या. पोरीनं अजून त्यांना कशानंच हाक मारली नव्हती. आज मात्र ती आपणहून गोष्टीला आली होती. आणि नशिबात ही गोष्ट! बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पान उलटलं.

“सावत्र आईनं मुलीला उपाशी ठेवलं.”

दण दण दण!

“सावत्र आईनं तिला थंडीत बाहेर काढलं.”

दण दण दण! कपाटांच्या काचा थरथरल्या. पोरं ओरडून लालबुंद झाली. पहिल्या रांगेतल्या त्या एकीचे पाय तेवढे हलत नव्हते. ती बाईंकडे टक लावून बघत होती.

अचानक ती उभी राहिली. “थांबा सगळे! हिचे बाबा कुठायत?”

“कुणाचे?” एका चष्मेवाल्यानं विचारलं.

“गोष्टीतल्या मुलीचे! मेलेत का?”

“छे गं.” बाईंनी भराभरा पानं चाळली. “पहिल्या पानावर लग्न करतात. मग... मग कुठेच नाहीत.”

“म्हणजे घरातच आहेत की! पोरगी उपाशी, नि हे काय झोपा काढतायत?”

“अरे हो!” चष्मेवाला ताडकन उठला. “यांच्यासाठी आपटा रे पाय!”

मग जो दणदणाट झाला, तो ऐकून ग्रंथपाल जिना चढून धावत आले. बाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

ग्रंथपालांच्या शेजारी, दारात, मुलीचे वडील उभे होते. दोघींना न्यायला आलेले, कानाला फोन. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी फोन खिशात टाकला, बूट काढले आणि मुलांमधून वाट काढत पहिल्या रांगेत येऊन मांडी घातली.

मुलीनं सरकून जागा केली.

“उशीर केलात बाबा,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “अर्धी गोष्ट आईनं एकटीनंच सांगितली.”